तव्यातली कुकी, दोघांपुरती

लॉरेल फोर्क, केंटकी
३ मार्च १९९७

विहीणबाई ऑर्फा स्लोन यांस,

लव्हेलाचा नमस्कार. फोन करून करून बोट दुखलं, तुम्ही उचलत नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. आपण एकाच डोंगराच्या दोन अंगांना राहतो आणि लेकरांच्या लग्नात एका टेबलावर बसून जेवलो आहोत, तेव्हा दोन ओळी लिहायचा माझा हक्क आहे असं मी धरून चालते.

तुमची ट्रेसा जानेवारीत घर सोडून गेली. माझा रॉन्डल त्या रिकाम्या घरात कसाबसा महिना राहिला आणि कपड्यांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. पस्तिशीचा बाप्या, पण जेवताना नुसता ताटाकडे बघत बसतो. त्याचा बाप गेल्यापासून मला एकटीपुरतं रांधायची सवय झाली होती, आता परत दोघांचं रांधते. तक्रार नाही माझी.

नवराबायकोत कधीमधी आवाज चढतो. माझ्याही संसारात चढला होता. म्हणून कुणी चिठ्ठीसुद्धा न ठेवता निघून जातं का? ती कुठे आहे एवढं कळवा. तो जाऊन समजूत काढेल आणि घेऊन येईल.

दुसरं असं की ट्रेसा त्याला छोट्या बिडाच्या तव्यात एक कुकी करून द्यायची. दोघांपुरती एकच, तव्यातूनच खायची. तिची फार आठवण काढतो तो. मला चर्चच्या जेवणासाठी पातेलंभर पीठ मळून चार डझन करता येतात, पण एकच कशी करतात ते काही जमत नाही. ती म्हणे तुमच्या घरची खासियत. कृती कळवाल तर उपकार होतील.

देव तुमचं भलं करो.

लव्हेला फ्यूगेट


ब्लॅकगम घळ
१० मार्च

लव्हेलाबाई,

फोन मी उचलत नाही कारण तुमचा मुलगा त्यातून मला जे जे म्हणतो ते तुम्हाला चर्चमध्ये वाचून दाखवता यायचं नाही. आता तर मी तो वायरसकट काढून कपाटात ठेवलाय.

"आवाज चढतो" म्हणे. मग ऐका. डिसेंबरात ट्रेसाने हीच कुकी केली होती. त्याला घरी यायला उशीर झाला, भूक लागली म्हणून तिने आपली अर्धी खाल्ली. तो आला, उरलेली अर्धी बघितली, "माझ्याआधी सुरुवात केलीस?" म्हणाला आणि तिचा उजवा हात मनगटाशी धरून तव्यावर दाबला. बीड ओव्हनबाहेर काढल्यावरही किती वेळ तापलेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. ती ओरडली तर त्याने दुसऱ्या हाताने तिचं तोंड दाबलं. आज त्या तळहातावर एक रेषा शिल्लक नाही, नुसती गुळगुळीत गुलाबी कातडी आहे. दवाखान्यात तिने सांगितलं, माझ्याच हातून चुकून धरला गेला. तिथे कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. आणि आपला शेरीफ तुमच्या चिरंजीवांबरोबर हरणं मारायला जातो, त्यामुळे तिकडे आम्ही गेलोच नाही.

ती कुठे आहे ते मी सांगणार नाही. पुन्हा विचारू नका.

कृती मात्र देते. खायच्या वस्तूची कृती कुणी मागितली तर माझ्या आईने कधी नाही म्हटलं नाही, आणि त्याचं तोंड भरलेलं असेल तेवढा वेळ तरी ते बंद राहील. ओव्हन साडेतीनशे फॅरनहाइटवर लावा. सगळ्यात लहान तव्यात तीन चमचे लोणी वितळवा, त्याच तव्यात, वेगळं भांडं नको. वाडग्यात पाव कप तपकिरी साखर, चमचाभर पांढरी, त्यात ते लोणी ओता. लोणी जरा निवू द्या, मग एका अंड्याचा फक्त बलक घाला. पांढरं घालायचं नाही, एवढ्याशा पिठाला ते सोसत नाही. मैदा अर्ध्या कपाला थोडा कमी, चिमूट मीठ, चिमूट सोडा, मूठभर चॉकलेटचे तुकडे. परत तव्यात थापा. कडा लाल झाल्या आणि मधे अजून ओलसर दिसलं की बाहेर काढा. उरलेलं काम तापलेला तवाच करतो. तवा साबणाने धुऊ नका.

ऑर्फा स्लोन


लॉरेल फोर्क
२७ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मला दोन दिवस अन्न गेलं नाही. लेक सांगते ते आई खरं धरते, मीही तेच केलं असतं. रॉन्डल म्हणतो तवा तिनेच धरला. कुणाचं खरं ते वरचा जाणे. पत्र मी चुलीत टाकलं, त्याच्या दृष्टीस पडायला नको म्हणून.

कुकी केली. जमली नाही. अर्धं अंडं फुकट कसं घालवायचं म्हणून मी पांढरंही घातलं, तर ती केकसारखी फुगली. शिवाय तवा माझ्या हातून सवयीने साबणाने धुतला गेला होता, त्यामुळे बुडाला चिकटली. रॉन्डलला राग नाही आला, वाईट वाटलं. तवा त्याच्या हातून निसटला आणि भिंतीला लागला. मी तेव्हा नेमकी खाली वाकले होते, देवाची कृपा. भिंतीला खड्डा पडलाय, तिथे मी कॅलेंडर लावलं.

आमचाही फोन बंद झालाय हल्ली. भिंतीतून निघाला. आणि माझा डावा डोळा आलाय, त्यामुळे अक्षर वाकडं असेल ते चालवून घ्या.

ट्रेसाचा पत्ता परत विचारायला त्याने सांगितलंय. विचारला.

लव्हेला


ब्लॅकगम घळ
४ एप्रिल

लव्हेलाबाई,

हातून निसटलेला तवा पायावर पडतो, भिंतीला खड्डा पाडत नाही. फोन भिंतीतून आपणहून निघत नाही. आणि डोळे येतात तेव्हा दोन्ही येतात, एकटा डावा येत नाही. मी पण नवरा खाणीत कामाला असलेली बाई होते. पगार झाल्यावर शनिवारी कुणाचा डोळा कशाने आलाय ते मला रस्त्याच्या पलीकडून कळायचं.

माझ्याशी खोटं बोला, विहिणीशी बोलायचं असतंच. आरशासमोर तरी खरं बोला.

तुमच्यावर माझा फार राग आहे हे लपवत नाही. असं पोरगं तुम्ही वाढवलंत आणि पांघरूण घालून घालून त्याला एवढा केलात. तरी पण माझ्या घरात एक पलंग रिकामा आहे. यायचं तर या. कपडे न घेता या, कपडे इथे आहेत.

तव्याला गंज चढला असेल तर घासून काढा, डुकराची चरबी चोळा आणि विस्तवावर धूर येईपर्यंत तापवा. आणि बलक एकच. मी लिहिते ते वाचत जा.

ऑर्फा


लॉरेल फोर्क
१९ मे

ऑर्फाबाई,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं जे होतं ते लिहायची हिंमत नव्हती.

तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. डोळ्यावर त्याने बुक्की मारली होती. फोन त्याने उपटला आणि त्याच फोनने मला मारलं. मी चर्चमध्ये सांगितलं, पायरीवरून पडले. बायकांनी माझ्यासाठी प्रार्थना केली, पायऱ्या नीट दिसू देत म्हणून. मी आमेन म्हणाले.

गेल्या आठवड्यात तो घरी आला तेव्हा आमचा कुत्रा त्याच्यावर भुंकला. अकरा वर्षांचा म्हातारा कुत्रा, त्याला नीट दिसतही नव्हतं. रॉन्डलने पडवीत उभं राहून त्याला पिस्तुलाने मारलं. एका गोळीत मेला असता तरी बरं. तो रांगत माझ्याकडे आला, मग दुसरी घातली. पडवी मी धुतली, अजून डाग जात नाही. त्या संध्याकाळी जेवताना रॉन्डल मला म्हणाला, "आई, ट्रेसा सापडू दे, तिचं आणि माझं असंच एका जागी संपवतो." भाकरी मोडत म्हणाला. त्याला भूक होती.

तो पिऊन झोपला तेव्हा मी त्याच्या कोटातून ते पिस्तूल काढलं. कुठे ठेवायचं सुचेना. पलंगाखाली, कपाटात, शेडमध्ये, सगळीकडे तो शोधणार. मग ओव्हनमध्ये ठेवलं. मागे ती कुकी फसल्यापासून मी ओव्हन लावलेलाच नाही, दोघांचं सगळं वरच्या शेगडीवर होतं. तवेही आता खिळ्यांना टांगलेत. स्वयंपाकघरात रॉन्डल फक्त फ्रिज उघडतो, ओव्हनचं दार त्याने जन्मात उघडलेलं नाही. ते आत सरकवताना चापाकडच्या बाजूला बोट लावायचा धीर झाला नाही. नळीकडून चिमट्यासारखं धरलं आणि मुठीकडून आत ढकललं. नळी दाराकडे तोंड करून बसलीय. गोळ्या काढता येत नाहीत मला, कधी शिकलेच नाही.

त्याला वाटतंय कुणीतरी ट्रकमधून चोरलं. रोज शिव्या घालतो आणि शोधतो. तो दिवसभर घरातच असतो, बाहेर नेऊन टाकावं तर सवड मिळत नाही.

आणखी एक. मातृदिनाला ट्रेसाचं कार्ड आलं. माझ्या नावाने. तुमची मुलगी मला "आई" लिहिते, तुम्हाला ठाऊक होतं? तिने पत्ता लिहिला नव्हता, पण टपालाचा शिक्का डेटन शहराचा आहे. मी ते त्याला दाखवलेलं नाही. जाळायला हवं होतं, तुमची पत्रं जाळते तशी. नाही जाळवलं. मला दुसरं कुणाचं कार्ड येत नाही.

लव्हेला


ब्लॅकगम घळ
२३ मे

लव्हेलाबाई,

हे वाचा आणि लगेच जाळा.

तो अंघोळीला गेला की ते पिस्तूल फडक्यात गुंडाळून ओढ्याच्या खोल पाण्यात टाका. तोवर त्या ओव्हनच्या बटणाला चुकूनही हात लावू नका. माझ्या मामाने असंच एकदा पोरांपासून लपवायला म्हणून भरलेलं पिस्तूल ओव्हनमध्ये ठेवलं आणि मामीने कॉर्नब्रेडसाठी ओव्हन तापत लावला. आचेने काडतुसं आपोआप उडाली. नळी मागच्या भिंतीकडे होती म्हणून भिंत फुटली आणि मामी वाचली. तुम्ही नळी दाराकडे ठेवलीय. ओव्हनसमोर जो उभा असेल त्याच्या पोटातून गोळी जाईल. कळलं का?

कार्ड जाळा. जीव वर येतोय माझा ते तुमच्या घरात आहे या विचाराने.

तुमच्यावरचा माझा राग मी काढून टाकला आहे. तो एवढ्या लवकर जाईल असं मला वाटलं नव्हतं.

ऑर्फा


लॉरेल फोर्क
२ जून

सासूबाई,

मी रॉन्डल लिहितोय. आई लिहू शकत नाही, तिचा उजवा हात मनगटात मोडलाय. गाडीच्या दारात सापडला. वय झालं, लक्ष नसतं तिचं. यापुढे टपाल मीच आणत जाईन, तिला त्रास नको.

तुम्हा सगळ्या बायकांनी मिळून मला गाढव समजायचं ठरवलेलं दिसतंय. ठीक आहे. पण मला आता डेटन कळलंय. कार्ड सापडलं, आईच्या बायबलमध्ये. आईने लगेच दिलं असतं तर हात शाबूत राहिला असता. डेटन मोठं आहे, पण मीही रिकामाच आहे. शनिवारी, चौदा तारखेला, मी निघणार. वाटेत तुमच्याकडे थांबेन आणि घराचा पत्ता तुम्ही मला द्याल. कसा द्यायचा ते तुम्ही ठरवा, शांतपणे की दुसऱ्या तऱ्हेने. मला दोन्ही येतात.

माझ्या मनात तसं वाईट काही नाही. तिला मनवायचंय मला. मी स्वतःच्या हाताने ती तव्यातली कुकी करून न्यायचं ठरवलंय. तिच्यासमोर ठेवतो आणि म्हणतो, घे, पहिली तू खा. ती विरघळेल, मला माहितेय तिचा स्वभाव. हात धरला की ती कधीच नाही म्हणत नाही. आधी घरी एकदा करून बघतो. आई म्हणते कृती तुमच्याकडून आली होती पण हरवली. नीट लिहून पाठवा. मी ओव्हन कधी लावलेला नाही, तेव्हा सगळं सुरुवातीपासून लिहा.

आणि माझं पिस्तूल कुणी चोरलं ते मी शोधून काढणारच. नाही सापडलं तरी हरकत नाही. हात आहेत.

रॉन्डल


ब्लॅकगम घळ
४ जून

जावईबापू रॉन्डल यांस,

पत्र पोचलं. माणसाने चुकीची दुरुस्ती स्वतःच्या हाताने करावी हे तुमचं म्हणणं मला पटलं. मी म्हातारी झाले, भांडणाचा कंटाळा आला. शनिवारी या. कुकी चांगली जमली असेल तर घराचा पत्ता मी तुमच्या हातावर ठेवते.

कृती देते. जशी आहे तशीच करा, मधे आपली अक्कल घालू नका. तुमच्या आईने घातली आणि कुकी बिघडली.

बुधवारी संध्याकाळी आईला प्रार्थनेला सोडून या. मोडक्या हाताची बाई पायात आली की लक्ष राहत नाही, आणि तिला नंतर आयती खायला मिळाली तर तिलाही बरं वाटेल. घरात तुम्ही एकटेच हवेत.

सगळ्यात आधी ओव्हन लावायचा. बटण साडेचारशेवर ठेवा. दार उघडायचं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. नवशिक्यांची हीच चूक होते, सारखं दार उघडून बघतात आणि आच निघून जाते. तो आत तापत असताना पीठ करायचं. खिळ्यावरचा सगळ्यात लहान तवा घ्या, शेगडीवर त्यात तीन चमचे लोणी वितळवा. पाव कप तपकिरी साखर, चमचाभर पांढरी. एकच बलक. अर्ध्या कपाला थोडा कमी मैदा, चिमूट मीठ, चिमूट सोडा, मूठभर चॉकलेट. गुठळी राहू देऊ नका.

मग खुर्ची घेऊन ओव्हनच्या बरोबर समोर बसा. बटणावरचा लाल दिवा विझला म्हणजे आच पुरती लागली. दिव्यावरून नजर हलवू नका. दिवा बारीक असतो, जवळ बसावं लागतं.

तुमची सासू,
ऑर्फा स्लोन


लॉरेल फोर्क
२६ जून

ऑर्फाबाई,

डाव्या हाताने लिहिते आहे, लावून लावून वाचा.

त्या बुधवारी रॉन्डलने मला चर्चपाशी सोडलं. उतरताना त्याने माझ्यासाठी ट्रकचं दार उघडलं. "आल्यावर तुला एक गंमत दाखवतो," म्हणाला. नऊ वर्षांचा असताना तो असं बोलायचा. प्रार्थनेत माझं लक्ष नव्हतं. तुमचं पत्र आलेलं मी त्याच्या खिशात बघितलं होतं, वाचायला मिळालं नव्हतं. दुकानातून साखर आणि चॉकलेट आणलेलं दिसलं होतं. काय करणार आहे ते मला कळलं होतं, ऑर्फाबाई. गाडीत बसतानाच कळलं होतं. ओढ्यावर जायला मला सवड मिळाली नव्हती, पिस्तूल तिथेच होतं. आणि "ओव्हन लावू नकोस" हे तीन शब्द मी तोंडातून काढले नाहीत. दार लावलं आणि आत गेले.

मला शेजारणीने घरी आणून सोडलं आणि ती पुढे गेली. तो स्वयंपाकघरात जमिनीवर होता. खुर्ची आडवी पडली होती. ओव्हनच्या दाराला भोक, आणि त्याच्या पोटात. तो मेला नव्हता. दोन्ही हातांनी पोट धरून टेबलापासून दारापर्यंत सरकत आला होता, आमचा कुत्रा आला होता तसा, आणि मागे रक्ताचा पट्टा. टेबलावर वाडगा होता. पीठ फार छान भिजवलं होतं त्याने, एक गुठळी नव्हती.

"आई, गाडी काढ," म्हणाला. मी काढते म्हटलं. आधी ओव्हन बंद केला. मग त्याच्यापाशी बसले आणि डोकं मांडीवर घेतलं. फोन नव्हता, तो त्यानेच उपटला होता. शेजारघर खाली वळणावर आहे, मी गेले असते तर ते लोक आले असते. मी गेले नाही. तो परत म्हणाला, "आई, गाडी." मी म्हटलं, काढते हं. खूप वेळ लागला त्याला. शिव्या दिल्या, मग रडला, मग मला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारायला लागला. अंगावरची सगळी कापडं भिजली माझी.

शेरीफ आला. "लोक ओव्हनमध्ये काय काय ठेवतात," म्हणाला, दर वर्षी एखादं तरी असं होतं म्हणे. टेबलावरचं तुमचं पत्र त्याने उभ्याउभ्या वाचलं आणि मला म्हणाला, "एवढं सगळं होऊनही तुमच्या विहिणीने त्याला कृती पाठवली. भली बाई." मग ते माझ्या हातात दिलं. मला तुम्ही साडेतीनशे लिहिलं होतं. त्याला साडेचारशे. कुकी साडेचारशेवर जळते, हे मलाही कळतं.

मी शेरीफला काही बोलले नाही, बोलणारही नाही. अर्धं माझंच आहे. कधी वाटतं अर्ध्याहून जास्त. पण गेला तो सगळाच्या सगळा माझा गेला. तुमचं काय गेलं?

ट्रेसा मातीला आली होती. तुम्ही तिला लिहिलंत, येऊ नकोस, बरं झालं मेला ते. ती बसने आली. त्याच्या पेटीवर तो भाजलेला हात ठेवून उभी राहिली आणि मी बघितलं तर ती रडत होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "आई, माझ्यासाठी करत होता का तो?" मी हो म्हटलं. मग ती माझ्याजवळ बसली आणि माझा मोडका हात आपल्या हातात घेतला. तिला माहीत आहे तो कशासाठी मोडला. तेव्हापासून ती इथेच आहे. मला जेवू घालते, वेणी घालून देते, पडवीतला डाग तिने कॉस्टिक सोडा घालून घासून काढला. आईने त्याला सुधारायची एक संधी दिली नाही, असं ती तुमच्याबद्दल म्हणते. मी ऐकून घेते.

तेव्हा असं करूया. तुम्ही माझा मुलगा घेतलात. मी तुमची मुलगी ठेवून घेते. तिला कुठे जायची घाई नाही आणि मला कार्ड पाठवणारं दुसरं कुणी नाही. तिला वाटतंय अपघात झाला, ते तसंच राहू दे. तुम्ही या दारात आलात किंवा तिला बोलावणं धाडलंत तर मी तिला समोर बसवून सगळं सांगेन. तुमचंही आणि माझंही. मग ती दोघींचीही राहणार नाही.

विचार करून कळवा.

लव्हेला


ब्लॅकगम घळ
३० जून

लव्हेलाबाई,

कबूल.

ट्रेसाचा डावा कान थंडीत ठणकतो, लहानपणापासून. ऑक्टोबर लागला की झोपताना कोमट तेलाचा बोळा घालावा लागतो. एकदा सांगून ती ऐकत नाही, मागे लागा. मी कळवलं असं तिला सांगू नका.

ऑर्फा